पौषात लावलेला रंग

पौषात कुणी घराला रंग लावत नाही. एक तर महिना भाकड, त्यात कुठलं शुभकार्य धरत नाहीत, आणि दुसरं म्हणजे थंडी. घर रंगवायचं ते दसऱ्याच्या आधी, पाऊस सरून ऊन तापायला लागलं की. भिंत आतून वाळलेली असते, सकाळी मारलेला हात दुपारच्या जेवणापर्यंत खडखडीत होतो. आमच्या खोकडपुऱ्याच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी त्या वर्षी अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पौषात रंगाचं काम काढलं, आणि तेही पेंटर न लावता. येणारेजाणारे दारात थांबून विचारायचे, काय अप्पा, आत्ताच? अप्पांचं उत्तर ठरलेलं. माघात थोरलीचं लग्न धरलंय, घर नको का जरा दिसायला. लोकांना ते पटायचं. आमची आई आदल्या चैत्रात गेली होती, आणि आमच्याकडची रीत अशी की घरातलं मोठं माणूस गेलं तर मुलीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. तीन वर्षं थांबायची अप्पांची तयारी नव्हती. का नव्हती, ते सांगायलाच हे प्रकरण लिहायला घेतलंय, आणि बाकीची प्रकरणं लिहून झाल्यावर सगळ्यात शेवटी घेतलंय.

घर आमचं लहानच. पुढं बैठकीची खोली, मध्ये एक खोली, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्या पलीकडं फरशीचं अंगण. पुढच्या दारात उभं राहिलं की थेट मागचा नळ दिसायचा. अप्पा सरकारी कचेरीत कारकून. करमाडला काकांकडं शेती होती, तिथून वर्षाची ज्वारी-बाजरी यायची आणि थंडीत एखाद्या पोत्याबरोबर हुरड्याची कणसं. मधल्या खोलीत आई दोन वर्षं पडून होती. तिला काय झालं होतं त्याचं नाव घरात कुणी घेत नसे. बाहेर दमा सांगायचो. होता क्षय. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण शैला, स्वयंपाक बघायची आणि आईचं थुंकायचं भांडं माझ्याकडं होतं. ॲल्युमिनियमचं, झाकणाचं, तळाला राख घातलेलं. रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी ते मागं नेऊन रिकामं करायचं, उकळतं पाणी ओतायचं, परत राख घालून आईच्या उशाशी ठेवायचं. हात चार-चार वेळा धुतले तरी जेवताना बोटं नाकाजवळ आली की मला मळमळायचं. आईवर माझी माया नव्हती असं कुणी म्हणू नये. पण ती गेली त्या दिवशी रडता रडता माझ्या मनात हेही येऊन गेलं की चला, उद्यापासून ते भांडं नाही.

मी तेव्हा सतरा वर्षांची, बारावीला. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तोंडाळ, ती घुमी. माझ्या तोंडात तीळ भिजत नसे आणि तिच्या मनातलं काढायचं म्हणजे तिच्या मागं मागं फिरावं लागे. पहाटे तिच्या भाकरी थापायच्या आवाजानं मला जाग यायची. काटवटीत पिठाचा गोळा, त्यावर तिच्या तळव्याची थपथप, मध्ये बांगड्यांचा एकच झणका, मग तव्यावर पडलेल्या भाकरीचा चर्र आवाज. बाजरीच्या भाकरीला ती वरून तीळ लावायची आणि पहिली, कडा जरा करपलेली, मला द्यायची, कारण मला तशी आवडते. आई गेल्यावर घर चाललं ते तिच्यामुळं. कार्तिकात बिडकीनचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, घरी शेती, वडील नाहीत, आई खमकी पण बोलायला मोकळी. त्यांनी अक्काला पाहिलं, पसंत केलं. आई कशानं गेली विचारलं तेव्हा अप्पांनी दमाच सांगितला. आमच्यात त्या घराला नावं ठेवायला कुणाला जागा नव्हती, आणि अप्पांच्या तोंडावर कित्येक महिन्यांनी हसू दिसलं.

मग अक्काला खोकला सुरू झाला. आधी सगळेच म्हणालो, थंडी आहे, छाती भरलीय. मी तिच्याशेजारी झोपायची. संध्याकाळ झाली की तिचं अंग कढत व्हायचं आणि पहाटे मानेखालचं पांघरूण ओलं. तिनं स्वतःचा पेला आणि ताटली वेगळी ठेवायला सुरुवात केली तेव्हा मला कळायला हवं होतं. कळलंही होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. अप्पा तिला एका शनिवारी रिक्षात घालून छावणीच्या पलीकडं, जिथं आम्हाला कुणी ओळखत नाही अशा डॉक्टरकडं घेऊन गेले. परत आल्यावर अप्पा कपडे न बदलता बैठकीत बसून राहिले आणि अक्का मागं अंगणात ज्वारी निवडायला बसली. मी जाऊन शेजारी बसले. तिनं सुपातली नजर न काढता सांगितलं, "आईला झालं होतं तेच झालंय मला."

पण आता औषध आहे म्हणाली. आईच्या वेळी आपण उशिरा गेलो, आपण आधीच गेलो असतो तर तीही वाचली असती असं डॉक्टर म्हणाले. दीड वर्ष गोळ्या खायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही, खाणंपिणं नीट ठेवायचं, पूर्ण बरं होतं. अक्काचं म्हणणं सरळ होतं. लग्न पुढं ढकला, किंवा त्या लोकांना जे आहे ते सांगा. थांबले तर थांबले, नाही तर नाही. अप्पांचं म्हणणं वेगळं. आजाराचं नाव एकदा बाहेर पडलं की हिच्याशी कोण लग्न करणार, आणि मग धाकटीशी तरी कोण करणार? लग्न होईपर्यंत दोन-अडीच महिने गोळ्या पोटात जातील, खोकला बसेल, पुढच्या गोळ्या गुपचूप तिच्यापर्यंत पोचवू. माझे अप्पा वाईट नव्हते. त्यांनी आम्हा बहिणींवर कधी हात उचलला नाही, आईचं दोन वर्षं केलं. पण चारचौघांत मान खाली जायची त्यांना फार भीती होती, आणि भित्र्या माणसाच्या हातून काय होईल त्याचा नेम नसतो.

तर तो रंग. ज्या खोलीत आई गेली त्या खोलीत आता अक्कालाही धरलं, म्हणजे रोग भिंतीत मुरलाय असं अप्पांच्या डोक्यानं घेतलं. चुना मारला की रोग मरतो हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं, आणि खाली कमरेपर्यंत ऑइल पेंट दिला की भिंत पुसता येते असं कुठल्याशा कंपाउंडरनं सांगितलं होतं. शिवाय संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बिडकीनची मंडळी घर बघून जायला येणार होती. बोलणी पौष सरल्यावरच, पण आमच्याकडं सण नव्हता तर तेच तिळगूळ घेऊन येतो म्हणाले होते. दरवर्षी आमचं घर हमीदचाचा रंगवायचे. अर्धी गल्ली त्यांच्याच हातची. पण पेंटर दोन-तीन दिवस घरात वावरणार, सगळं बघणार, ऐकणार, आणि उद्या शेजारच्या घरात रंग मारताना बोलणार. म्हणून चाचांना न बोलावता आम्ही तिघांनीच तो घाट घातला. आम्हाला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं.

कळीचा चुना पिंपात टाकून वर पाणी ओतलं की तो रटरटा उकळायला लागतो, वाफ निघते. त्या थंडीत तेवढीच एक ऊब, म्हणून मी पिंपाशी उभी राहायची. दुसऱ्या दिवशी तो निवला की त्यात मीठ, डिंकाचं पाणी, जराशी नीळ. आधी जुन्या चुन्याचे पापुद्रे खरवडायचे. अप्पांनी अक्काला खरवडायला हात लावायचा नाही असं बजावलं होतं, पण ते दहा वाजता कचेरीत जायचे आणि मी कॉलेजात, मग मागं राहायची तीच. परत यावं तर पदर नाकाला बांधून ती स्टुलावर उभी, केसांवर, पापण्यांवर पांढरी धूळ, आणि खोकून खोकून डोळे लाल. मी ओरडले की म्हणायची, आपलंच घर आहे, कुणी करायचं? केकताडाच्या वाखाचा कुंचा चुन्यात बुडवून वर उचलला की गार पाणी कोपरावरून बगलेत जायचं. चार दिवसांत माझी बोटं उलली, भेगांत चुना शिरून रात्रंदिवस चुरचुरायची. भाकरी मोडताना रक्त यायचं. भिंत काही वाळायची नाही. हात लावला की गार, ओलसर, आणि पांढरं होण्याऐवजी राखी डाग तसेच. अप्पा म्हणायचे, आणखी एक हात मारू. ओल्यावरच आणखी एक हात.

यंदाच्या डिसेंबरात माझ्या मुलानं सिडकोतला आमचा फ्लॅट रंगवून घेतला. पोरं आली, फर्निचरवर प्लास्टिक टाकलं, रोलर फिरवला, दोन तासांत भिंत वाळली. मुलगा कौतुकानं म्हणाला, बघ आई, वाससुद्धा नाही. मी म्हटलं, हो रे, चांगलं केलंस, आणि गॅलरीत जाऊन बसले. त्याला वाटलं मला गारठा मानवत नाही म्हणून खिडक्या लावायला धावला. त्याला काय सांगणार होते मी.

चुना झाल्यावर ऑइल पेंट. रंग पिस्ता, दारांना चॉकलेटी. तेव्हा निम्म्या शहराची घरं आतून पिस्ताच असायची. रंग थंडीनं डब्यात घट्ट झालेला, ब्रश ओढला जाईना, म्हणून अप्पांनी त्यात रॉकेल ओतलं. मग फार पातळ झाला म्हणून आणखी एक जाड हात दिला. कचेरीच्या आधी वेळ मिळावा म्हणून आम्ही पहाटे साडेपाचलाच सुरू करायचो. भिंतीवर बाहेरचं दव उतरलेलं, तोंडातून वाफा, आणि तसल्या गार भिंतीवर आमचा रंग. तीन दिवस झाले तरी बोट लावलं की बोटाचा ठसा उठायचा. चौथ्या दिवशी तसंच. सगळ्या घरात रॉकेलचा आणि तेलाचा असा वास भरला होता की वरण खाल्लं तरी जिभेवर रंग. अक्काचा खोकला त्या आठवड्यात फार वाढला. गोळ्या चालू होत्या, पण घर असलं. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारायच्या, शैलाला काय झालं गं? मी पटकन म्हणायची, रंगाचा वास हो काकू. पहिल्यांदा तोंडातून गेलं तेव्हा मीच चपापले. मग ते रोजचं झालं.

एका शुक्रवारी दुपारी हमीदचाचा आले. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार की अप्पांनी घर परस्पर रंगवलं. रागावले असतील असं वाटलं होतं, पण ते दारातच थांबून भिंतीकडं बघत राहिले. बोट न लावता सांगितलं की रॉकेल घातलंय आणि पहाटे मारलाय. म्हणाले, थंडीत अकराच्या आधी ब्रश हातात धरायचा नाही, तीनच्या पुढं ठेवायचा नाही, आणि रंग घट्ट वाटला तर डबा गरम पाण्यात ठेवायचा. एवढं विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं. मी चहा टाकायला मागं गेले तर तेही पाठोपाठ अंगणात येऊन उन्हात बसले. अक्का तिथंच नळाशी भांडी घासत होती. तिला उबळ आली. उठून भिंतीला धरून खोकली, पदरानं तोंड पुसलं आणि परत बसली. चाचा चहा प्याले, निघाले, आणि मी दाराशी पोचवायला गेले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "बेटी, रंग की खांसी हवा में आए तो थम जाती. तीस साल से खांसरा मैं, मेरेकू पैचान है. ये रंग की नइ."

मी म्हटलं, सर्दी झालीय चाचा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि वहाणा पायात सरकवता सरकवता म्हणाले की अप्पासाबांना सांग, चांगला दवाखाना दाखवा. बस्स. गल्लीत त्यांनी कुणाजवळ ब्र काढला नाही. ज्याच्या तोंडाच्या भीतीनं आम्ही हे सगळं केलं त्याचं तोंड आमच्यापेक्षा सच्चं निघालं.

मंडळी येणार त्याच्या आदल्या दिवशी अक्कानं मला तिच्या साडीला इस्त्री करायला लावली. निखाऱ्यांची इस्त्री मी फिरवत होते, ती समोर गुडघ्यांत हनुवटी घालून बसली होती. म्हणाली, "सुमे, उद्या त्यांनी विचारलं तर मी खरं सांगणार हाय. तू मध्ये बोलू नको." मी विचारलं, आणि अप्पा? ती म्हणाली, अप्पा चार दिवस रडतील आणि मग गोळ्या आणून देतील. तिनं हे सगळं नीट विचार करून ठरवलं होतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. मी बरं म्हटलं. तिनं एवढं लांब वाक्य बोलावं आणि मी एवढं आखूड, असं आमच्यात कधी होत नसे.

तिघं आले. अक्काच्या होणाऱ्या सासूबाई, त्यांचे थोरले भाऊ, आणि दाजी. तेव्हा ते दाजी झाले नव्हते, पण मी मनात म्हणायला लागले होते. उंच, काळेसावळे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. बैठकीत सतरंजी घातली होती. सासूबाई हातपाय धुऊन आल्या आणि प्रवासानं पाठ भरली म्हणत भिंतीला टेकून बसल्या. अप्पांनी "जरा पुढं—" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. पाणी घ्यायला त्या पुढं झुकल्या तर शाल भिंतीला चिकटलेली, ओढली तशी पट्कन सुटून आली आणि पाठभर पिस्ता रंग. मग त्याच आधी हसल्या. म्हणाल्या, पौषात कुणी रंग लावतं का इवाई, एवढी काय घाई होती? अप्पा ओशाळून रॉकेलचा बोळा घेऊन आले, त्यांच्या भावानं शाल धरली, दाजीही हसत होते. घरात आधीच वास, त्यात हा रॉकेलचा. तेवढ्यात अक्का चहाचा ट्रे घेऊन आली आणि उंबऱ्यातच तिला खोकला आला.

साधा नाही. ट्रेमधले कप वाजायला लागले, चहा बशांत सांडला, तिनं तो कसाबसा खाली ठेवला आणि चौकटीला धरून वाकली. चौकटीचा ओला चॉकलेटी रंग तिच्या तळहाताला लागला. हसणं थांबलं. सासूबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं, म्हणजे त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं, आणि विचारलं, "खोकला लई दिसतोय पोरीला. कधीपासून हाय?"

अक्कानं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, श्वास पुरत नव्हता, पण तिनं हातानं खूण केली, थांबा, सांगते. तिला एक श्वास हवा होता. फक्त एक. आणि त्या एका श्वासाच्या जागेत मी बोलले.

"रंगाचा हो आत्याबाई. तिला वास सोसत नाय. कालपासून मलाबी येतोय," असं म्हणाले आणि खोटं खोटं खोकून दाखवलं.

सासूबाईंनी नाकाला पदर लावला आणि मान डोलावली. म्हणाल्या, खरंय बाई, माझंच डोकं धरलंय, दारं-खिडक्या उघडा जरा. मला आजही वाटतं, तो रंग वाळला असता, वास उडाला असता, तर माझं बोलणं कुणी धरलं नसतं. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कौतुक होतं. अक्कानंही पाहिलं. ती तेव्हाही बोलू शकली असती. पण माझं खोटं खोडून काढायचं म्हणजे सगळ्यांदेखत धाकट्या बहिणीला आणि बापाला उघडं पाडायचं. तिनं कप सारखे केले आणि दिले.

लोक म्हणतील पोर होती, बापाच्या धाकानं बोलली. नाही. मी अप्पांसाठी बोलले नाही, माझं लग्न जमावं म्हणूनही नाही. मला ते भांडं परत धुवायचं नव्हतं. सासूबाईंनी विचारलं त्या क्षणी मला दिसलं की हे लोक उठून जाणार, अक्का मधल्या खोलीत झोपणार, आणि दीड वर्ष रोज सकाळी ते माझ्या हातात येणार. आजारी माणूस माझ्या घरातून जावं एवढंच मला हवं होतं. कुणाच्या का घरी जाईना. सतराव्या वर्षी मी अशी होते, आणि ते लपवून बाकीचं आयुष्य लिहिण्यात काही अर्थ नाही. मंडळी गेल्यावर अक्का हाताचा रंग काढत अंगणात बसली. मी म्हटलं, चिडलीस? ती म्हणाली, "मी सांगणार होते." मी म्हटलं, माहीतय.

माघात लग्न झालं. अप्पांनी गोळ्या एका खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्यात घालून तिच्या पेटीत ठेवल्या आणि दर महिन्याला माहेरचा खाऊ म्हणून आणखी पाठवल्या. पण त्या गोळ्यांनी लघवी लाल होते. बिडकीनला तेव्हा बायका पहाटे मिळून रानात जायच्या. जावांनी विचारायला सुरुवात केली, हे काय गं, सारखंच? घरात रिकाम्या पोटी रोज काय गिळतेस, हेही कुणीतरी पाहिलं. अक्कानं एक दिवस चुकवल्या, मग दोन, मग बंदच केल्या. नागपंचमीला माहेरी आली तेव्हा तिनं हे मला सांगितलं. खोकला बसला होता, गालावर जरा मांस आलं होतं. अप्पा म्हणाले, बरं वाटतंय ना, मग झालं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, बघ, छान दिसतेस.

पुढच्या थंडीत तिच्या तोंडातून रक्त पडलं. दाजींनीच शहरात आणून मोठ्या दवाखान्यात घातलं. शाळेतून बिनपगारी रजा काढली, व्हरांड्यात सतरंजी टाकून राहिले, तिला स्वतःच्या हातानं भरवलं. आम्ही डबा घेऊन जायचो तर तेच आमची समजूत काढायचे. औषधं आता लागू पडत नव्हती. मध्येच सोडली की असं होतं, पण सोडल्याचं आम्हालाच ठाऊक. रोग लग्नाआधीचा दिसतो, एवढं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं असणार, कारण एका दुपारी व्हरांड्यात त्यांनी मला थांबवलं. आत खिडकीशीच अक्काची खाट होती. ती झोपलीय असं आम्हाला वाटत होतं. त्यांनी विचारलं, "सुमन, त्या दिवशी तू रंगाचा खोकला म्हणालीस. तुला खरंच तसं वाटलं होतं का?"

मी म्हणाले, "हो दाजी."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, बरं झालं विचारलं. आई घरी रोज बोलते की त्या लोकांनी फसवलं. मी तिला सांगतो, नाही, त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं. मग ते मोसंबी आणायला खाली गेले. मी आत गेले तर अक्काचे डोळे उघडे होते. तिनं मला जवळ बसायची खूण केली. मी बसले, पण जरा लांबच. ती म्हणाली, "ते चांगलेत सुमे. त्यांना खोट्यावर ठेवू नको. मी असताना नको, मला त्यांचं तोंड बघवणार नाय. मी गेल्यावर सांग." मी म्हटलं, सांगते. त्यानंतर ती नऊ दिवस होती.

तेराव्याला सांगणार होते. पण तोवर दाजींनाच खोकला सुरू झाला होता. ते दीड वर्ष गोळ्या खाऊन बरे झाले, सगळ्या जगाला सांगून, शाळेतसुद्धा सांगून. मग त्यांचं दुसरं लग्न झालं, मग माझं झालं, अप्पा गेले, मुलं झाली, आणि दर वर्षी न सांगायला एक कारण मिळत गेलं. दाजी बिडकीनला आहेत. सत्तरी केव्हाच ओलांडली. दर थंडीत हुरडा घेऊन येतात आणि मला अजून सुमन म्हणतात. यंदा आले तेव्हा माझ्या मुलानं सहज मावशीबद्दल विचारलं, तर माझ्यादेखत त्याला म्हणाले, तुझ्या आजोळच्यांना बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं रे. मी चहा गाळत होते. गाळून दिला.

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते पुन्हा सगळं वाचतात. हे पुस्तक छापून आलं की पहिली प्रत त्यांची. टपालानं पाठवणार नाही, स्वतः घेऊन जाईन, हे पान उघडून त्यांच्या हातात देईन आणि वाचून होईपर्यंत समोर बसेन. तोंडानं सांगायला मला अजून जमत नाही.